बॅकअपला स्वतःची वाट द्या



आज पाठ्यपुस्तकातला घटक नाही आणि अध्ययन निष्पत्तीही नाही. आजचा विषय केबलचा आहे. हसू नका. शाळेत सर्व्हर असेल, किंवा येत्या वर्षात येणार असेल, तर हे वाचा. मी काही संगणक अभियंता नाही. डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, आणि 'तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं ना बाई' या एका वाक्यावर शाळेची आयसीटी लॅब माझ्या गळ्यात पडली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच झालं असणार. म्हणूनच जे मला ठेच लागून कळलं ते तुम्हाला आधी सांगते.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. सर्व्हरचा बॅकअप ज्या तारेवरून जातो ती तार वर्गाच्या तारेपासून वेगळी ठेवा. सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड, एक छोटा वेगळा स्विच, आणि बॅकअपचा डबा त्या स्विचवर. मोठ्या कंपन्यांमध्ये हे इतकं रोजचं आहे की त्यावर कोणी लेखही लिहिणार नाही. शाळांमध्ये मात्र 'आपल्याला कुठे एवढं लागतंय' म्हणून सगळं एकाच स्विचला जोडलेलं असतं. आमच्याकडेही तसंच होतं.

आधी आमच्या लॅबचं चित्र डोळ्यासमोर आणा. २४ संगणक, एक सर्व्हर, एक जुना १०० एमबीपीएसचा स्विच, आणि कोपऱ्यात बॅकअपचा डबा, म्हणजे नॅस. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी, एवढं समजलं तरी पुरे. सर्व्हरवर दोन प्रकारचा माल. एक, आम्हा शिक्षकांनी लॉकडाऊनमध्ये आणि नंतर तयार केलेले पाठांचे व्हिडिओ. मुलं ते लॅबमध्ये आपापल्या संगणकावर बघतात, इंटरनेट लागत नाही. दोन, शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन केलेली.

या रजिस्टरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण खरी किंमत त्यांची आहे. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, दाखल केल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. जातपडताळणीसाठी आजोबांची, पणजोबांची नोंद शोधायला माणसं शाळेत येतात. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली तेव्हा आमच्या कार्यालयात पण रांग लागली होती. काही नोंदी मोडीत. पानं अशी की उलटताना कोपरा हातात यावा. तेव्हाच मुख्याध्यापकांनी ठरवलं, हे सगळं स्कॅन करायचं. एकदाच उलटायचं पान, पुन्हा हात लावायचा नाही.

स्कॅन केलेल्या पानाचं वजन किती असतं याचा अंदाज मला तेव्हा नव्हता. गणित करून बघा, पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. गुणाकार केला की जवळजवळ २६ एमबी. फाइल दाबून लहान न करता ठेवली, तर ३०० पानांचं एक रजिस्टर सुमारे ८ जीबी. अशी बावीस रजिस्टरं झाली होती, वर व्हिडिओ. मिळून ३०० जीबीच्या आसपास.

आता दुसरं गणित. १०० एमबीपीएसच्या तारेतून सेकंदाला १०० मेगाबिट जातात. मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागिले आठ, साडेबारा एमबी. त्यात पाकिटांवरचे पत्ते वगैरे जाऊन हातात येतात ११ एमबी. ३०० जीबी भागिले ११ एमबी, म्हणजे साडेसात तास.

शाळा किती तास भरते ते तुम्हाला सांगायला नको.

ज्याने आम्हाला सर्व्हर बसवून दिला त्याने बॅकअपची वेळ रात्री दोनची ठेवली होती आणि रोज पूर्ण प्रत, अशी सेटिंग केली होती. कागदावर छान. पण आमच्याकडे शाळा सुटली की नाना शिपाई मेन स्विच खाली ओढून घरी जातात, आणि त्यांचं बरोबरच आहे. दोन वर्षांपूर्वी जुन्या वायरिंगमधून धूर निघाला होता. तेव्हा रात्री दोन वाजता सर्व्हर बंद. सकाळी चालू झाला की त्याला आठवण, 'अरे, रात्रीचं काम राहिलं', आणि तो लगेच बॅकअपला बसतो. नेमका पहिल्या तासाला.

मग वर्गात काय व्हायचं? २४ मुलं व्हिडिओ बघतात. एका व्हिडिओला साधारण ३ एमबीपीएस धरा, २४ त्रिक ७२. शंभरच्या तारेत ७२ मावतं. पण बॅकअप उरलेल्या अठ्ठावीसवर समाधान मानत नाही. त्याला जेवढं मिळेल तेवढं हवं असतं. सर्व्हरच्या रांगेत त्याची पाकिटं भरून राहतात आणि व्हिडिओची पाकिटं मागे उभी. दोन्ही माल सर्व्हरच्या एकाच पोर्टमधून बाहेर पडतोय, तर दुसरं काय होणार. 'बाई, अडकलं', 'बाई, माझं पण', 'बाई, नुसतं गोल गोल फिरतंय'. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पंधरा मिनिटं त्यात.

तुम्ही काय केलं असतं? मी जे केलं तेच. जुलै महिन्यात एका सकाळी बॅकअप बंद केला. दोन दिवसांपुरता. व्हिडिओ लख्ख चालायला लागले, मुलं खूश, सहकारी खूश, 'बाईंनी लॅब दुरुस्त केली' म्हणून स्टाफरूममध्ये कौतुकही झालं.

दोन दिवसांचे चार महिने झाले. दिवाळीनंतर शाळा उघडली, सर्व्हर चालू केला, डिस्कमधून टकटक असा आवाज आला आणि ती कायमची गप्प झाली.

नॅसवर जुलैपर्यंतची प्रत होती. त्यानंतर स्कॅन केलेली सात रजिस्टरं गेली. ती पुन्हा केली, कागद जाग्यावर होते म्हणून. ज्या पानांना परत हात लावायचा नाही असं ठरलं होतं त्यांना परत हात लावला, आणि त्यातली काही पानं दुसऱ्यांदा उलटताना फाटली ती फाटलीच. पण चौथीच्या मुलांनी परिसर अभ्यासासाठी आपापल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून आणल्या होत्या. त्या ऑगस्टच्या. फोनमधून काढून सर्व्हरवर ठेवल्या, फोन पालकांचे, तिथल्या केव्हाच पुसलेल्या. एकूण एकोणीस आज्या. त्यातल्या एक ऑक्टोबरमध्ये वारल्या. त्यांच्या नातवाने मला विचारलं, 'बाई, आजीचं गाणं आहे ना तुमच्याकडे?'

यात चूक बसवणाऱ्याची, सेटिंगची, विजेची नाही असं मी म्हणत नाही. पण बॅकअप बंद करणारा हात माझा होता. आणि का बंद केला? बॅकअप वर्गाच्या वाटेत येत होता म्हणून. हा लेख त्यासाठीच लिहितेय. बॅकअपची तार वेगळी ठेवायची ती वेग वाढवण्यासाठी, असं सगळे सांगतात. वेग वाढतोच. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. जो बॅकअप लोकांच्या कामात अडथळा आणतो तो कधी ना कधी कोणीतरी बंद करतो. वाईट हेतूने नव्हे, चांगल्या हेतूने. समोर चोवीस मुलं खोळंबलेली दिसतात. बॅकअप न झाल्याने खोळंबणारं मूल त्या दिवशी दिसत नाही.

रेल्वेचं उदाहरण घ्या, आपल्याला ते लवकर पटतं. मालगाडीत कोणी बसलेलं नसतं, म्हणून सवारी गाडी आली की मालगाडीला बाजूच्या लूप लाइनवर घालून थांबवतात. तासन्‌तास. देशाचा माल असा रेंगाळायला नको म्हणून मालगाड्यांसाठी वेगळे मार्ग बांधायला घेतले. उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरापर्यंत जाणारा पश्चिम मार्ग सुमारे १५०० किलोमीटरचा. बॅकअप म्हणजे आपली मालगाडी. फरक एवढाच की आपल्या नेटवर्कमधली मालगाडी लूप लाइनवर थांबायला तयार नसते, ती सरळ लोकलच्या पुढे येऊन उभी राहते.

वर्गात मी हे मुलांना करून दाखवलं. वाटल्यास तुम्हीही करा, संगणक नको की काही नको. वर्गाच्या एका दारातून वीस मुलांना एकेक वही बाहेर नेऊन ठेवायला सांगा आणि वेळ मोजा. मग तेच पुन्हा, पण या वेळी चार मुलं त्याच दारातून बाक बाहेर नेतायत. गोंधळ उडतो, हसाहशी होते. तिसऱ्यांदा बाकवाल्यांना मागच्या दारातून पाठवा. पहिली वेळ आणि तिसरी वेळ जवळजवळ सारखी येते. मग मुलंच सांगतात, 'बाई, बाक मागून न्यायचे.' आमच्या वर्गाला मागचं दार आहे हे नशीब.

आता प्रत्यक्षात काय केलं ते. सर्व्हरमध्ये दुसरं गिगाबिट नेटवर्क कार्ड घातलं. पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच आणला. चांगल्या कॅट-सिक्स केबलचे दोन तुकडे. सगळं मिळून दोन-अडीच हजारांत बसलं, नॅस आधीचाच. मुख्याध्यापकांनी विचारलं, 'हे कशाच्या खात्यातून टाकायचं?' तो वेगळा लेख होईल. नॅसची तार लॅबच्या स्विचमधून काढली आणि या नव्या स्विचला लावली. लॅबच्या नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे होते, नव्या वाटेला १९२.१६८.५० ने सुरू होणारे दिले. दोन वेगळे पत्ते हवेतच. दोन्ही कार्डांना एकाच मालिकेतले पत्ते दिले तर सर्व्हरचा गोंधळ होतो आणि माल कुठल्याही तारेने जातो.

गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. ३०० जीबीला पाऊण तास. साडेसात तासांचा पाऊण तास झाला! शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कार्यालय तासभर उघडं असतं, तेवढ्यात पूर्ण प्रत होते. इतर दिवशी फक्त बदललेल्या फाइल, त्या मधल्या सुट्टीत दोन-चार मिनिटांत.

दोन ठिकाणी मी फसले होते, तुम्ही फसू नका. पहिलं म्हणजे, नवी वाट केली तरी बॅकअप जुन्याच वाटेने जाऊ शकतो. बॅकअपच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या टोकाचं नाव लिहिलेलं होतं, पत्ता नव्हता. त्या नावाचा पत्ता अजून जुनाच निघत होता. तोपर्यंत नॅसची जुनी तारही मी 'असू दे' म्हणून लावून ठेवली होती. त्यामुळे आठवडाभर बॅकअप आरामात जुन्या तारेवरून चालला होता आणि मी नव्या स्विचचे दिवे बघून खूश. दिवे नुसते जोडणीचे होते, लुकलुकत नव्हते. तेव्हा नाव नको, नव्या वाटेचा पत्ताच लिहा, जुनी तार काढा आणि बॅकअप चालू असताना कुठल्या स्विचचे दिवे लुकलुकतायत ते डोळ्यांनी बघा. याहून सोपी परीक्षा नाही. आणि नव्या कार्डाला गेटवे देऊ नका. ती वाट फक्त सर्व्हर आणि नॅस यांच्यामधली, ती इंटरनेटकडे जातच नाही.

दुसरं म्हणजे मधला तुकडा. सुरुवातीला नवा स्विच मी कार्यालयात ठेवला आणि जुन्या केबलने लॅबपर्यंत जोडला. ती जुनी केबल आतून तुटकी, चारच तारा धड, त्यामुळे वेग शंभरच. दोन्ही टोकं गिगाबिट आणि मधला तुकडा शंभरचा असला तर सगळंच शंभरचं. मुंबईच्या मध्य रेल्वेवर वर्षानुवर्षं हेच होतं. कुर्ला ते ठाणे पाचवी-सहावी मार्गिका होती, दिवा ते कल्याण होती, आणि मधे ठाणे ते दिवा नव्हती. मग मेल-एक्स्प्रेस आणि फास्ट लोकल त्या तुकड्यात एकाच रुळावर. २०२२ च्या फेब्रुवारीत तो तुकडा सुरू झाला तेव्हा कुठे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. शाळेतला मधला तुकडा शोधायला एवढी वर्षं लागत नाहीत. केबल बदलून बघायची.

आता तुमचे प्रश्न. मला स्टाफरूममध्ये सगळे विचारून झालेत.

'रात्री घ्या ना बॅकअप, वेगळी तार कशाला?' ज्यांच्या शाळेत रात्री वीज चालू ठेवता येते आणि यूपीएस धड आहे त्यांनी जरूर घ्यावा. आमच्या नानांना मी मेन स्विच चालू ठेवायला सांगणार नाही.

'वेगाला मर्यादा घाला.' हा प्रश्न चांगला आहे. बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये वेगाची मर्यादा घालता येते, वर्गाला त्रास होत नाही. समजा २० एमबीपीएस दिले. पूर्ण प्रतीला तेहेतीस तास लागतात. सहा तासांची शाळा धरली तर साडेपाच दिवस. रोजच्या बदललेल्या फाइलींना ती चालेल, हे मी मान्य करते. खरं तर रोज पूर्ण प्रत काढणं हीच आमच्याकडची पहिली चूक होती. पण बॅकअप काढायचा तो परत आणण्यासाठी. डिस्क गेल्यावर बदललेल्या फाइल नव्हे, सगळेच्या सगळे ३०० जीबी परत आणायचे असतात, आणि त्या वेळी सगळी शाळा वाट बघत असते. त्या दिवशी रुंद वाट नसेल तर लॅब आठवडाभर बंद. माझ्यासारख्या बाईंना दुसऱ्यांदा कळू नये म्हणून हे सांगतेय.

परत आणण्याची गोष्ट निघाली म्हणून एक खरा प्रसंग सांगते. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या थकलेल्या इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी त्यातल्या बहुतेक निकामी निघाल्या. कोणाच्या तरी हातून सहा तास आधी घेतली गेलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. पण ती प्रत जिथे होती तिथल्या डिस्क मंद. नुसती ती इकडून तिकडे न्यायला जवळजवळ अठरा तास लागले आणि तेवढा वेळ साइट बंद. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, कोणाला दोष न देता. मला त्यांचं हे फार आवडलं. आपल्याकडे अशी चूक झाली की आधी खुलासा मागतात.

'गुगल ड्राइव्हवर टाका, झालं.' टाका. एक प्रत शाळेबाहेर हवीच. शाळेला आग लागली, पूर आला तर नॅसही जाईल. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर, असा नियम आहे, तो पाळावा. पण आमच्या इंटरनेटचा वर पाठवायचा वेग १० एमबीपीएस, तोही चांगल्या दिवशी. ३०० जीबीला पावणेतीन दिवस, अखंड. बाहेरची प्रत ही जवळच्या प्रतीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. आम्ही महिन्यातून एकदा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेतो आणि ती मुख्याध्यापकांच्या घरच्या कपाटात असते. काम होतं.

'सगळा स्विचच गिगाबिट घ्या.' पैसे असतील तर घ्या. मग वर्गाचा त्रास पुष्कळ कमी होईल, हे प्रामाणिकपणे सांगते. पण चोवीस पोर्टचा चांगला गिगाबिट स्विच आणि भिंतीतल्या सगळ्या केबल बदलणं हा वेगळ्या आकड्याचा खर्च आहे. आणि तरी सर्व्हरचं दार एकच राहतं.

'व्हीलॅन करा, एकाच स्विचमध्ये दोन नेटवर्क होतात.' हे सहसा कोणीतरी इंजिनिअर झालेला माजी विद्यार्थी सांगतो. बरोबर आहे. व्हीलॅनने पत्ते वेगळे होतात, एकाची गर्दी दुसऱ्याला दिसत नाही. पण सर्व्हरची तार एकच राहिली तर रस्त्यावर नुसता पांढरा पट्टा मारल्यासारखं आहे, रस्ता तेवढाच. दोन कार्डं, दोन तारा आणि मग व्हीलॅन, असं असेल तर उत्तम. शिवाय आमच्या स्विचला व्हीलॅन येतच नव्हतं.

राहिली एक गोष्ट, जी मी आधी धरलीच नव्हती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. एका संगणकातून शेजारच्या संगणकात, नेटवर्कवरून, आपोआप. फाइल कुलूपबंद करायचा आणि पैसे मागायचा. लॅबमध्ये मुलं पेनड्राइव्ह आणतात, आपण किती नाही म्हणा. बॅकअपचा डबा लॅबच्याच नेटवर्कवर असेल तर लॅबमधला कुठलाही बाधित संगणक थेट त्याच्या दारात. नॅस वेगळ्या वाटेवर असला की लॅबमधून तो दिसतच नाही. मात्र सर्व्हर दोन्ही वाटांवर आहे, तेव्हा तोच पूल होऊ शकतो. सर्व्हरने एका वाटेवरचा माल दुसऱ्या वाटेवर पुढे पाठवायची सोय बंद ठेवायची. आणि सर्व्हरने नॅसकडे प्रत ढकलण्यापेक्षा नॅसने येऊन ओढून न्यावी. म्हणजे नॅसचा पासवर्ड सर्व्हरवर ठेवावाच लागत नाही. आमच्या नॅसमध्ये ही सोय होती, मला ती वर्षभर माहीत नव्हती.

वेगळ्या तारेने सगळं सुटत नाही, हेही लिहून ठेवते. डिस्क एकच आहे. बॅकअप चालू असताना ती सलग वाचत असते, त्याच वेळी २४ मुलं २४ व्हिडिओ मागतात, तेव्हा डिस्कचा हात इकडून तिकडे नाचतो आणि थोडं अडखळतंच. तारा कितीही असल्या तरी. म्हणून मोठं काम शनिवारी आणि बारीक मधल्या सुट्टीत. आणि महिन्यातून एकदा मी नॅसवरून एक रजिस्टर वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून बघते. कुठलंही पान. मागच्या महिन्यात १९५८ चं उघडलं.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत, जिथे एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर आहे, तिथे यातलं काही लागत नाही. तिथे एक बाहेरची हार्ड डिस्क आणि दर शुक्रवारची शिस्त पुरेशी आहे. पण जिथे सर्व्हर बसवायचा ठराव होतोय, संस्थेची मोठी शाळा आहे, माजी विद्यार्थी लॅब देतायत, तिथे कोटेशन मागवतानाच दोन ओळी घाला. सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट हवेत. बॅकअपसाठी वेगळा गिगाबिट स्विच हवा. पन्नास हजार-लाखाच्या यादीत ते दिसतही नाही. नंतर मागायला गेलं की 'आत्ता तर घेतलं सगळं' असं ऐकावं लागतं.

आमच्याकडे बॅकअपची केबल लाल आहे, बाकी सगळ्या निळ्या. नव्या स्विचवर नानांनी स्वतः हाताने चिकटपट्टी लावलीय, 'बाईंना विचारल्याशिवाय काढू नये'. खाली मी पेनने लिहिलंय, 'बाईंनीही'.